अडगळीतले संगणक

(वार्षिक कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून कोणी खेळांची तरफदारी करील, आणि तीही चाळीस-चाळीस वर्षे जुन्या संगणकांवरच्या खेळांची, ही अपेक्षा आपल्यापैकी फारच थोड्यांनी केली असेल. पालकांच्या सभेत नेहमी एकच प्रश्न ऐकू येतो : पोरांच्या हातातला मोबाइल सुटावा कसा? ही तक्रार रास्त आहे. माझे म्हणणे एवढेच की, ज्याला आपण सरसकट ‘गेम’ म्हणतो त्यात एक जुना, वेगळा प्रांत आहे. त्या प्रांतात रमणारी माणसे जगभर आहेत आणि ती नेमके काय करतात ते एकदा नीट पाहावे. मत नंतर बनवावे.

ही माणसे करतात काय? जुना संगणक मिळवतात, तो उघडतात, त्याची धूळ झाडतात, मेलेला सुटा भाग शोधून बदलतात आणि तो पुन्हा चालता करतात. काही जण खेळ खेळतात, काही त्या यंत्रासाठी आज नवीन खेळ लिहितात. कोणी कबुतरे पाळतो, कोणी पतंगाचा मांजा स्वतः सुततो, कोणी जुनी घड्याळे गोळा करून त्यांना चावी देत बसतो; त्यातलाच हा शौक. लोक म्हणतात, बालपणीच्या आठवणींचे हे वेड आहे. काहींच्या बाबतीत ते खरे आहे. पण या शौकात आज विशीतली मुलेही आहेत. त्यांच्या जन्माआधीच ती यंत्रे बाजारातून गेली होती. त्यांना कसली आली आठवण? त्यांना ओढणारी गोष्ट दुसरी आहे.

ती गोष्ट समजावून सांगण्यासाठी मी आधी एका मोठ्या यंत्राची हकीगत सांगतो. आपल्या संस्थेच्या दृष्टीनेही ती ऐकण्यासारखी आहे.

इंग्लंडमध्ये हारवेल येथे अणुसंशोधन केंद्र होते. तेथे १९५१ साली एक संगणक चालू झाला. वजन अडीच टन. त्याची स्मृती डेकाट्रॉन नावाच्या ८२८ काचेच्या नळ्यांत साठवलेली. प्रत्येक नळीत दहा जागा, आणि ज्या अंकावर असेल त्या जागी नारिंगी ठिणगी चमकते. म्हणजे यंत्राच्या मनात कोणता आकडा आहे तो उघड्या डोळ्यांनी वाचता येई. वेग म्हणाल तर हसू येईल. एका गुणाकाराला पाच ते दहा सेकंद. फॉसी नावाचा तेथील एक कुशल गणनिक आपले हातयंत्र घेऊन त्याच्या शेजारी बसला आणि शर्यत लावली. अर्धा तास त्याने बरोबरी राखली, मग दमून उठला. यंत्र मात्र आपल्या चालीने पुढे चालतच राहिले. त्याचा सारा गुण यातच होता : त्याला थकवा नव्हता, आणि रात्रभर एकटे सोडले तरी सकाळी काम तयार असे.

१९५७ साली हारवेलला याहून वेगवान यंत्रे मिळाली. तेव्हा या म्हाताऱ्याला भंगारात न घालता केंद्राने एक स्पर्धा ठेवली : जे कॉलेज या यंत्राचा शिक्षणासाठी सर्वांत चांगला उपयोग करून दाखवील त्याला ते बक्षीस. वुल्व्हरहॅम्प्टनच्या तांत्रिक कॉलेजने ते जिंकले, आणि पुढे १९७३ पर्यंत तेथील विद्यार्थी त्यावर संगणनाचे पहिले धडे गिरवीत होते. त्याला ‘विच’, म्हणजे चेटकीण, हे नाव तिथेच पडले. मग ते बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात गेले, ते संग्रहालय बंद पडल्यावर गोदामात गेले आणि विस्मृतीत गेले. ब्लेचली पार्क येथील राष्ट्रीय संगणक संग्रहालयाच्या लोकांना एका छायाचित्रात त्याची फळी ओळखू आली. २००९ पासून तीन वर्षे स्वयंसेवकांनी एकेक नळी, एकेक रिले तपासला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये ते पुन्हा गणिते करू लागले. मूळ अवस्थेत चालणारा जगातील सर्वांत जुना अंकीय संगणक म्हणून आज त्याची ख्याती आहे. शाळेतली मुले त्याच्यापुढे उभी राहतात आणि बेरजेतला हातचा एका नळीतून दुसऱ्या नळीत जाताना डोळ्यांनी पाहतात.

हे ‘पाहणे’ महत्त्वाचे आहे. तुमच्या खिशातला फोन त्याच्या कितीतरी पट हुशार आहे, पण त्याच्या आत काय चालले आहे ते कोणालाच दिसत नाही. तो बिघडला की आपण तो टाकून नवा घेतो. (आपल्या मुंबईतही टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली टिफ्रॅक हा संपूर्ण स्वतःच्या आराखड्याचा संगणक उभा केला होता. त्याचे नामकरण १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी केले. काही वर्षांतच तो निवृत्त झाला. त्या चेटकिणीचे भाग्य त्याला लाभले नाही.)

आता घरगुती यंत्रांकडे येऊ. एप्रिल १९८२ मध्ये इंग्लंडात सिंक्लेअर कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम काढला. एखाद्या वहीएवढा काळा डबा, रबरी कळा, पडदा म्हणून घरचा टीव्ही, आणि प्रोग्राम साठवायला साधा कॅसेट टेपरेकॉर्डर. सर्वांत स्वस्त नमुना १२५ पौंडांचा. मोठ्या नमुन्याची स्मृती ४८ किलोबाइट. तुमच्या फोनने काढलेल्या एका साध्या फोटोत असे पन्नास स्पेक्ट्रम सहज मावतील. आपल्याकडे डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन तो ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने आणला, आणि काही घरांत तो अजूनही माळ्यावर पडून असेल. यावर खेळ सुरू करायचा तर कॅसेट लावायची, कर्कश किंकाळ्यांसारखा आवाज ऐकायचा आणि चारपाच मिनिटे थांबायचे. शेवटी ‘चूक’ असा संदेश आला की कॅसेट मागे फिरवून पुन्हा पहिल्यापासून! आजच्या मुलाला ही शिक्षा वाटेल. पण संगणक चालू करताच पडद्यावर जे येई ते ध्यानात घ्या : तिथे चित्रांची रांग नव्हती, ‘हे विकत घ्या’ अशी जाहिरात नव्हती. यंत्र तुमच्या आज्ञेची वाट पाहत उभे असे. आज्ञा द्यायची तर ती लिहिता यायला हवी. त्या पिढीतली असंख्य मुले प्रोग्राम लिहायला शिकली ती याच सक्तीतून.

जुन्या खेळांची रचना इतक्या थोड्या जागेत कशी बसवली जाई, हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. जपानमधले तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली स्पेस इन्व्हेडर्स हा खेळ केला. त्यात वरून ५५ परके जीव खाली उतरत येतात आणि आपण एकेकाला टिपतो. जितके कमी उरतात तितके ते जोराने धावतात, छाती धडधडू लागते. मौज अशी की हा वेग मुळात ठरवून दिलेलाच नव्हता. यंत्र इतके हळू होते की ५५ आकृत्या हलवायला त्याला वेळ लागे. आकृत्या कमी झाल्या की त्याचे ओझे कमी होई आणि उरलेल्या आपोआप पळू लागत. निशिकादोंनी ते पाहिले आणि तसेच ठेवले.

दोन वर्षांनी, १९८० मध्ये, तोरू इवातानी यांचा पॅक-मॅन आला. तो उत्तम खेळणारा २५५ फेऱ्या पार करू शकतो. २५६ व्या फेरीत पडद्याच्या उजव्या अर्ध्या भागावर अक्षरांचा आणि चित्रांचा कचरा पसरतो आणि पुढे जाताच येत नाही. का? फेऱ्या मोजायला आठ बिटांचा एकच कप्पा ठेवला होता. प्रत्येक बिट शून्य किंवा एक. आठ बिटांत शून्य ते २५५ एवढेच आकडे बसतात. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा ९९९९९ नंतर पुन्हा शून्यावर येई, तसे इथे होते. फेरीचा क्रमांक दाखवणारी फळे काढणारा भाग फसतो आणि सातऐवजी २५६ फळे काढायला धावतो. तोच तो कचरा. सातवी-आठवीच्या वर्गात द्विमान पद्धती शिकवताना मुलांच्या डोळ्यांवर झापड येते असा शिक्षकांचा अनुभव असेल. एकदा पॅक-मॅनची ही २५६ वी फेरी दाखवून पाहा.

या बाबतीतला माझा सर्वांत आवडता नमुना मात्र ‘एलीट’. बीबीसी मायक्रो हा शाळांसाठीचा संगणक १९८१ च्या डिसेंबरात इंग्लंडात आला होता. आपल्या सरकारच्या ‘क्लास’ योजनेखाली १९८४-८५ मध्ये भारतातल्या सुमारे २५० शाळांत हेच यंत्र बसवले गेले. त्याची स्मृती अवघी ३२ किलोबाइट, आणि त्यातलाही बराच भाग पडद्यासाठी राखलेला. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी १९८४ मध्ये त्यावर व्यापाराचा एक खेळ केला. अवकाशयान घेऊन एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर जायचे, स्वस्तात माल घ्यायचा, महाग विकायचा, वाटेत चाचे भेटतात त्यांना तोंड द्यायचे. तारे किती? आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६. एकूण २०४८ तारे. प्रत्येकाला नाव, राज्यपद्धती, बाजारभाव, वर्णन. ही सगळी माहिती त्या यंत्रात साठवायचे म्हटले तर तिला जागाच नव्हती. मग त्यांनी ती साठवलीच नाही! सुरुवातीला फक्त तीन आकडे घेतले. त्यांची ठरावीक रीतीने बेरीज करून पुढचा आकडा, त्यातून पुढचा, अशी साखळी तयार केली आणि त्या आकड्यांतूनच नाव, बाजारभाव, सगळे काढले. जसे बीजात झाड असते तसे त्या तीन आकड्यांत २५६ तारे होते, आणि बीज तेच असल्यामुळे प्रत्येक वेळी प्रत्येकाच्या घरी तेच तारे त्याच जागी उगवत. याच रीतीने त्यांना कोट्यवधी आकाशगंगा करता येत होत्या. प्रकाशकांनीच सांगितले, आठ पुरे.

विद्यार्थी मित्रहो, हे दोघे तेव्हा तुमच्याहून फार मोठे नव्हते. त्यांच्याजवळ जागा नव्हती म्हणून त्यांना गणित शोधावे लागले.

साधनांच्या टंचाईची आणखी एक हकीगत युगोस्लाव्हियातली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तेथे परदेशी संगणक आणण्यावर कडक बंधने होती, जवळजवळ आपल्यासारखीच. वोया अँटोनिच नावाच्या तरुण अभियंत्याने घरच्या घरी जोडता येईल असा ‘गॅलाक्सिया’ नावाचा संगणक आखला आणि त्याचा आराखडा मासिकाच्या खास अंकात छापून सर्वांना खुला केला. हजारेक लोक जोडतील अशी कल्पना होती. सुट्या भागांसाठी आठ हजारांहून अधिक मागण्या आल्या. त्याची स्मृती इतकी तुटपुंजी की चूक झाल्यास सांगायला फक्त तीन संदेश होते : ‘काय?’, ‘कसे?’ आणि ‘माफ करा’. बेलग्रेड रेडिओवर झोरान मोदली हे निवेदक प्रोग्रामचे ते किंकाळ्यांसारखे आवाज प्रसारित करीत. घरोघरी मुले ते कॅसेटवर धरून घेत आणि आपल्या संगणकात भरत. इंटरनेटचे नाव सामान्य माणसाने ऐकण्याच्या कितीतरी आधी आकाशवाणीवरून प्रोग्राम वाटले जात होते, बघा!

आणि आपल्याला जवळचे असे एक उदाहरण द्यायलाच हवे. रत्नागिरी-रायगडकडची आपली किती कुटुंबे त्या दिवसांत आखातात होती हे सांगायला नको. १९८२ साली कुवेतमध्ये मोहम्मद अल-शारिख यांनी अल-आलमिया ही कंपनी काढली आणि पुढे ‘सख्र’ या नावाने अरबी घरगुती संगणक बाजारात आणले. आतले यंत्र एमएसएक्स या जपानी प्रमाणाचे, यामाहासारख्या कंपन्यांनी बनवलेले. पण कळफलकावर अरबी अक्षरे आणि पडद्यावर उजवीकडून डावीकडे लेखन. उर्दू जाणणाऱ्यांना यातली अडचण लगेच कळेल. आपले एकच अक्षर शब्दाच्या आरंभी, मध्ये, शेवटी आणि सुटे असताना वेगवेगळे रूप घेते. मुलाने ‘बे’ची कळ दाबली की पुढचे-मागचे अक्षर पाहून त्याचे रूप यंत्राने ठरवायचे, आणि पुढची कळ दाबली की आधीचे रूप बदलायचे. आठ बिटांच्या यंत्रावर हे साधणे हा मोठा हुन्नर होता. ऑगस्ट १९९० मध्ये कुवेतवर आक्रमण झाले आणि त्यानंतर सख्रचे केंद्र कैरोला गेले. अल-शारिख २०२४ मध्ये निवर्तले. त्या संगणकांवर पहिला प्रोग्राम लिहिलेली अरब मुले आज प्रौढ आहेत आणि त्यांतले हौशी लोक ती यंत्रे आणि त्यांची काडतुसे शोधून जपत आहेत. आखातात राहून आलेल्या कोणाच्या घरी असा डबा असेल तर तो भंगारवाल्याला देण्यापूर्वी कृपा करून विचार करा.

आता पालकांची शंका. खेळ तो खेळच, अभ्यासाचा वेळ तो खाणारच. होय, खातो. पण दोन खेळांत फरक असतो. आजचे फोनवरचे बहुतेक खेळ फुकट मिळतात आणि मग मुलाला दर घटकेला बोलावत राहतात. पैसे टाका, पुढे जा, उद्या पुन्हा या. जुन्या खेळाला तुम्ही गेलात की राहिलात याची खबरच नसते. तो मुळात अवघड, हरलात की पहिल्यापासून. तासाभरात हात दुखतात आणि मूल आपणच उठते. अर्थात वेडाला सीमा नसते हेही खरे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या मुलाने निन्टेन्डोवरचा जुना टेट्रिस इतका पुढे नेला की शेवटी यंत्रच गोठले. तोवर कोणा माणसाला ते जमले नव्हते. त्यामागे त्याचे किती तास गेले असतील ते त्याच्या आईलाच ठाऊक.

पैशाचे मात्र सांभाळा. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत सुपर मारिओ ६४ या खेळाचे न उघडलेले खोके लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेले. हा शौक नव्हे, सट्टा आहे. जो खेळ कोणी उघडणार नाही तो खेळ कसला? जुन्या यंत्रांच्या नावाखाली हजारो रुपये मागणारे विक्रेते आता आपल्याकडेही आहेत. सुरुवात करायला काहीच विकत घ्यावे लागत नाही. आजच्या साध्या संगणकावर ‘एम्युलेटर’ नावाचा प्रोग्राम चालतो. तो दुभाष्यासारखा असतो : जुन्या यंत्राची एकेक आज्ञा वाचतो आणि नव्या यंत्राला त्याच्या भाषेत सांगतो. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये सुरू केलेला ‘मेम’ हा असाच प्रकल्प, आणि आज त्यात दुकानांतल्या हजारो जुन्या खेळयंत्रांचा तपशील जतन झालेला आहे. एवढे लक्षात असू द्या की जुने म्हणजे बेवारशी नव्हे. पुष्कळ खेळांचे हक्क अजून कोणाकोणाकडे आहेत. स्पेक्ट्रमच्या आतला मूळ प्रोग्राम एम्युलेटरसाठी वापरायला त्याच्या मालक कंपनीने १९९९ मध्ये उघड परवानगी दिली. अशी परवानगी असलेल्या गोष्टींपासून सुरुवात करावी.

हा शौक आपल्याला थेट कुठे भिडतो ते आता सांगतो. १९८६ मध्ये बीबीसीने एक भव्य उपक्रम केला. १०८६ साली इंग्लंडच्या राजाने देशाची मोजणी करवून ‘डोम्सडे बुक’ लिहवले होते. त्याला ९०० वर्षे झाली म्हणून शाळाशाळांतल्या मुलांनी आपापल्या गावाची माहिती लिहिली, फोटो काढले. दहा लाखांवर लोकांनी हातभार लावला. सगळे त्या काळच्या लेझर तबकड्यांवर भरले गेले. पंधरा-सोळा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रेच दुर्मीळ झाली. ९०० वर्षांपूर्वीचे चामड्याचे पान वाचता येत होते आणि १९८६ चे वाचता येईना! २००२ च्या सुमारास लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांनी एम्युलेटर लिहून ती माहिती सोडवली. चालू स्थितीत राखलेली बीबीसीची जुनी यंत्रे नसती, त्यांच्या खाचाखोचा जाणणारे लोक नसते, तर तेही जमले नसते.

आपल्याकडे काय आहे? १९९० च्या दशकात संस्थांच्या स्मरणिका, प्रश्नपत्रिका, हिशेब संगणकावर होऊ लागले. मराठी मजकूर त्या काळच्या खासगी फॉन्टमध्ये, उर्दू मजकूर १९९४ साली दिल्लीत तयार झालेल्या इनपेजमध्ये. त्या फॉन्टांत मराठी ‘क’च्या जागी आतून भलतेच इंग्रजी चिन्ह असे; मूळ फॉन्ट नसेल तर आज पडद्यावर निरर्थक अक्षरांची रास दिसते. सर्व लिप्यांना एकच प्रमाण देणारी युनिकोड पद्धत १९९१ पासून होती, पण आपल्या छापखान्यांत ती रुळायला बराच काळ गेला. साठवण फ्लॉपीवर. सोनीने २०११ मध्ये जपानातली फ्लॉपीची विक्री थांबवली, आणि जुन्या फ्लॉपीवरचा चुंबकीय थर वर्षागणिक क्षीण होत जातो. म्हणजे १९७५ ची आपली छापील स्मरणिका कपाटात शाबूत आहे, आणि १९९६ च्या हस्तलिखितांची, गुणवंतांच्या याद्यांची, गेलेल्या बुजुर्गांच्या लेखांची फ्लॉपी कोणाला उघडता येत नाही. ही कामे कोण करणार? ज्या पोराला जुने यंत्र उघडायचा नाद आहे तोच.

तेव्हा ज्यांच्या घरी काही असेल त्यांच्यासाठी चार व्यवहारी सूचना. बरीच वर्षे बंद असलेला संगणक हौसेने एकदम विजेला लावू नका. बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठ्यातला जुना कपॅसिटर फुटून धूर सोडतो हे तर प्रसिद्धच आहे. आत बॅटरी असेल तर ती गळून पट्टीवरचे तांबे खाते. ती आधी काढा. जुना काचेचा मॉनिटर किंवा टीव्ही मुलांना उघडू देऊ नका : बंद केल्यावरही त्याच्या नळीत जीवघेणा दाब साठून राहतो, ते काम जाणत्या कारागिराचेच. मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे कारागीर अजून आहेत, आणि सोल्डरिंग शिकवायला ते सहसा नाही म्हणत नाहीत. त्यांच्या हाताखाली सुट्टीतले पंधरा दिवस काढलेला मुलगा किंवा मुलगी पुष्कळ काही घेऊन येईल. फ्लॉप्या सापडल्या तर त्यांना बुरशी आलेली नाही ना ते आधी पाहा. बुरशी असेल तर ड्राइव्हमध्ये घालू नका, एकीची बुरशी दुसरीला लागते. यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह आजही मिळतो. आणि फ्लॉपीवर चिकटवलेली चिठ्ठी सुकून गळून पडण्याच्या बेतात असते. तिच्यावरचे अक्षर कोणाचे आहे ते घरातल्या मोठ्यांना विचारून ठेवा आणि मगच ती सोडवा.